टोपलीतले फोन आणि रूथचं गाणं

दर रविवारी उपासनेनंतर चर्चमागच्या खोलीत आम्ही पाच-सहा मराठी ख्रिस्ती कुटुंबं चहाला बसतो. विषय एकच, मुलं आणि मोबाइल. मी रिटायर्ड मास्तरीण, म्हणून पाळकसाहेबांनी ही बैठक चालवायचं काम माझ्या गळ्यात मारलं. प्रार्थनेच्या विनंत्या लिहायला एक वही केली होती. वर्षभरात विनंत्या चार पानं झाल्या आणि किस्से चाळीस!

*

पहिल्याच दिवशी मी दारात टोपली ठेवली. "आपापले फोन यात टाका!" सगळ्यांनी मुकाट टाकले.

पाळकसाहेब म्हणाले, "चला, तेविसावं स्तोत्र काढा."

कुणी हलेना. सगळ्यांचं बायबल टोपलीत होतं. पाळकसाहेबांचंही!

*

गौलीगुड्याच्या सुलभावहिनींनी मुलाचा बंदुकांचा गेम बंद केला आणि रोज बायबलमधली एक गोष्ट वाचायला लावली. महिन्यानं मी त्याला दावीद आणि गल्याथाची गोष्ट विचारली.

"एकच दगड, आंटी. डायरेक्ट हेडशॉट!"

वहिनी कपातला चहा निरखत बसल्या.

*

'दहा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल' असले मेसेज मार्थाआजी सगळ्यांना पाठवायच्या. एकदा नातीनं विचारलं, "आजी, देव फॉरवर्ड मोजत बसतो का?"

आजी दोन दिवस फुगून होत्या. आता मेसेज आधी नातीला दाखवतात.

*

सगळ्यांत कडक हिमायतनगरचे याकोबराव. त्यांची सोळा वर्षांची रूथ गिटारवर भक्तिगीतं म्हणून व्हिडिओ टाकायची. "देवाचं गाणं बाजारात मांडतेस?" असं म्हणून त्यांनी लेकीशी अबोला धरला.

मी सगळ्या आईबापांना गृहपाठ दिला. "रागावण्याआधी स्वतः खातं उघडा. मुलं काय करतात ते महिनाभर गुपचूप बघा."

याकोबराव उसळले, "नक्को बाई! हे असलं मला सांगू नक्को!"

तीन महिने झाले तरी अबोला सुटेना. रूथचा चेहरा बघून मला फार वाईट वाटायचं.

गेल्या रविवारी ती सगळ्यांसमोर माझ्याकडे आली. "आंटी, कुणीतरी अनोळखी माणूस माझा एकेक व्हिडिओ बघतो. फोटो नाही, खरं नाव नाही. टाकला की पहिला लाइक त्याचाच! मला भीती वाटते. मी गाणंच बंद करते."

टोपलीतून तिचा फोन काढून मी तिच्या हातात दिला. "गाणं कशाला बंद? त्याला ब्लॉक कर. आत्ता, माझ्यासमोर."

तिनं बटण दाबलं.

मागच्या बाकावरून याकोबराव ताडकन उठले. कपातला चहा शर्टावर सांडला.

"अगं, मग आता मला दिसणार कसं?"