गाळलेला विनोद

जुन्या फायलीतून निळ्या कार्बन पेपरचा वास आला आणि पार्ल्याचे टायपिस्ट काका आठवले. ऐंशीच्या दशकात मी टीव्हीसाठी विनोदी मालिका लिहायचो, आणि त्या टाइप करायला काकांकडे द्यायचो. माझा एक विनोद शूटिंगआधीच दुसऱ्याच्या मालिकेत ऐकला, तेव्हा संशय काकांवरच गेला. टाइप करताना जादा प्रतीसाठी वापरलेला कार्बन उजेडात धरला की सगळं वाचता येतं. म्हणून पुढच्या भागात मी मुद्दाम, दुसऱ्या कुणाला सुचणारच नाही असा एक भिकार विनोद पेरला. दोन दिवसांनी काकांनी टाइप केलेली पानं दिली, त्यात तो नव्हता. "तेवढा गाळला रे," ते म्हणाले, "तुझ्या नावाला शोभत नाही." मी मान खाली घातली. आणि तरीही, आज लाज वाटते ती याचीच, वापरलेले कार्बन मोजून घेतले.