पंडिताचा शब्द आणि मावशीची घंटी

माझ्या धाकट्या भावाला सगळे पंडित म्हणतात. आधी चेष्टेनं म्हणायचे, पण ती चेष्टा आहे हे त्याला कळलंच नाही, म्हणून नाव चिकटलं. तो इंग्रजीतून रशियनमध्ये भाषांतरं करतो. करतो म्हणजे काय, एकेका पानापायी अख्खं घर वेठीला धरतो. रेडिओ बंद, पंखा बंद, भांडी हळू घासा. का? तर साहेबांना शब्द सुचायचाय.

रशियन त्याला शिकवली आमच्या मावशीनं. आई गेल्यावर आम्हा दोघांना तिनंच वाढवलं. ती यंत्रांच्या कारखान्यात दुभाषी होती. दिवसभर परदेशी इंजिनिअर आणि इथले फिटर यांच्यामध्ये उभी राहून घसा कोरडा करायची, आणि घरी आल्यावर या ठोंब्याकडून धडे गिरवून घ्यायची. आता चारचौघांत कुणी विचारलं की पंडित मान तिरकी करून सांगतो, "माझं मीच शिकलो हो." असं नरडं दाबावंसं वाटतं ना!

मावशीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून ती पंडिताच्या घरी, मागच्या खोलीत असते. एकटीला उठता येत नाही. म्हणून मी तिच्या उशाशी एक पितळी घंटी आणून ठेवली होती. पाणी हवं, बेडपॅन हवं, की वाजवायची. भावजय घरात असली की हातातलं टाकून धावायची. पंडित एकटा असला की टेबलावरूनच ओरडायचा, "मी कामात आहे!"

मध्यंतरी भावजयीला नोकरीपायी आठवडाभर परगावी जावं लागलं. नेमका तेव्हाच पंडिताला एका कादंबरीत शब्द अडला. डेरेलिक्शन. माणसांनी सोडून दिलेलं, आणि मग कुणी ढुंकूनही न पाहिलेलं घर, त्याची ती दशा. एवढं साधं! पण पंडिताची कामाची तऱ्हाच निराळी. सुचेल तो रशियन शब्द चिठ्ठीवर लिहायचा, भिंतीवर डकवायचा, आणि घरातल्या बोळात येरझारा घालत मोठमोठ्यानं म्हणून बघायचा. हा फार मऊ, तो फार साधा, त्याला वजनच नाही. भाजी निवडणारीसुद्धा इतकी नाकं मुरडत नाही.

मी फोन केला. "मावशी कशी आहे रे?"

"मजेत. हल्ली अगदी शांत असते गं. घंटीसुद्धा वाजवत नाही."

फोन ठेवला आणि मी तशीच निघाले.

दार पंडितानंच उघडलं, दाढी वाढलेली, तोंडात पेन. बोळाची भिंत चिठ्ठ्यांनी भरलेली. "ताई, ऐक, पुस्तोता कसा वाटतो? पोकळ वाटतो ना?" मी त्याला बाजूला सारून मागच्या खोलीत गेले. मावशीचे ओठ सुकलेले, तांब्या कोरडा, खालची चादर ओली. घंटी तिच्या हातातच होती. तिनं ती मला वाजवून दाखवली. आवाज नाही. आतल्या गोळीला पंडितानं त्याचं चष्मा पुसायचं फडकं गच्च गुंडाळून दोऱ्यानं बांधलं होतं.

"शब्द अगदी जिभेवर यायचा आणि ही वाजवायची," पंडित दारातून म्हणाला. "मी येतच होतो की अधूनमधून. आठवण झाली की."

"तुझ्या त्या चिठ्ठ्यांना काडी लाव!" मी ओरडले. मला रडूच फुटलं, रागानं. एवढं शिकून या माणसाच्या डोक्यात नुसता भुसा भरला होता. मी मावशीला पुसलं, पाणी पाजलं, कपडे बदलले आणि टॅक्सी बोलावली. ड्रायव्हर बिचारा भला माणूस, त्यानं आणि मी मिळून तिला खुर्चीवर बसवून उचललं. मांडीवर तिची बॅग, बॅगेवर घंटी.

बोळातून जाताना पंडित आडवा आला. मला वाटलं, आता तरी लाज वाटली असेल, पाया पडेल. तो खुर्चीशी वाकला आणि म्हणाला, "मावशी, जाता जाता एवढं सांग. माझ्या जागी तू असतीस तर कुठला घेतला असतास?"

मावशीनं त्याच्याकडे पाहिलं. "झाब्रोशेन्नोस्त," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी तू म्हणाला होतास तो. फार साधा म्हणून फेकलास. मला भिंतीतून सगळं ऐकू येतं रे."

"अरे हो की!" पंडिताचा चेहरा असा उजळला! तसाच वळला आणि टेबलाकडे पळाला. खुर्ची धरायलासुद्धा थांबला नाही. दार आम्ही आमचंच ओढून घेतलं.

आता मावशी माझ्याकडे असते. घंटीचं फडकं मी त्याच दिवशी कात्रीनं कापलं. चार-पाच दिवसांनी पंडिताचा फोन आला. मावशीनं औषधं घेतली का, जेवली का, काही नाही. "ताई, तिला दे ना जरा. आणखी एक शब्द अडलाय."

मी फोनवर हात ठेवून मावशीला सांगितलं. ती उशीला टेकून चहा पीत होती. तिनं आणखी एक घोट घेतला.

"त्याला सांग," ती म्हणाली, "मी कामात आहे."