पहिल्या दातावरचं कुंकू

पट्ट्यावरचं कुंकू कुणी पुसलं?

माझ्या कपाळावरचं नाही विचारत. ते काल बायका आल्या आणि पुसून गेल्या. मी पुसू दिलं.

शेडमधल्या लाकूड कापायच्या आऱ्याच्या दातेरी पट्ट्यावरचं विचारतेय.

ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार नंतर. आमचे हे काल सकाळी गेले.

टेंभुर्णीतली आमची लाकडाची वखार ज्यांनी बघितली नाही, त्यांनी नीट ऐका.

पंच्याहत्तर-शहात्तर साल असंल. ह्यांनी सोलापुरातनं धार लावायचं जुनं ग्राइंडर आणलं. बाकावर बोल्ट मारून बसवलं. दगडाचं चाक बोटावर अडकवलं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं वाजवलं. टण्ण वाजलं.

"बद्द वाजलं असतं तर आतनं तडकलेलं. फिरताना फुटून कपाळात बसलं असतं."

मग ते चाक पट्ट्याच्या दाताच्या उताराला जुळवायचं. स्क्रू जरा पिळायचा, बटण बंद ठेवून हातानं फिरवायचं, बघायचं, परत पिळायचा. जेवायला हाक मारली तरी नुसतं हूं.

पट्टा मी सरकवायची, धार हे लावायचे.
एक दात, पुढं.
एक दात, पुढं.

लोखंडी पट्टा, गोल. पहिली फेरी झाली की सगळे दात सारखेच चमकतात. दुसऱ्या फेरीला थांबायचं कुठं तेच कळलं नाही. घासलेलेच परत घासले, तापून निळे पडले. बाभळीच्या पहिल्याच ओंडक्यात चार दात उडाले.

"फेरी झाली म्हणून सांगता येत न्हाय व्हय तुला?"
"तुमाला डोळं न्हाईत व्हय?"

खडूनं खूण केली. तेलकट लोखंडावर खडू टिकंना. मग मी कपाळाचं मेण-कुंकू बोटावर घेतलं आणि पहिल्या दाताला लावलं.

"पट्ट्याची नवरी करतीस की काय!"
"करते की. तुमच्यापरीस ऐकंल तरी."

तेव्हापासून प्रत्येक पट्ट्याला कुंकू. मी एवढंच म्हणायची, "कुंकू आलं, थांबा."
हे थांबायचे.
आयुष्यात माझं तेवढंच एक ऐकलं.

परवा संध्याकाळी दुसरी फेरी चालू होती. मधेच बटण बंद केलं.
"दमलो गं. उरलेलं सकाळी करू."
सकाळी उठलेच नाहीत.

आज मी शेडमध्ये गेले. दगड त्यांनी सोडला त्याच दातावर होता. तिथनं कुंकवापर्यंत, तेवढंच काम राहिलं होतं. मी करणार होते.

पट्टा रॉकेलनं पुसून लख्ख.

सुतकात कुंकू नको, अशी कुणाला तरी अक्कल सुचली.

अरे, कपाळावरचं माझं होतं. पट्ट्यावरचं कामाचं होतं.

आता मी थांबायचं कुठं?

अहो, तुमी जावा निवांत. स्क्रूला कुणाला हात लावू देत न्हाय मी.

बाकीच्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवू नका. ज्यानं पुसलं त्यानंच बोलायचं. बायकोला पुढं करायचं नाही. उद्या शेडमध्ये यायचं आणि कुठला दात होता ते बोट ठेवून दाखवायचं.