थांबा मिस्त्री आणि वास नसलेला गॅस

बालाघाटच्या बर्फ कारखान्यात एक मिस्त्री होता. त्याच्याइतका भित्रा माणूस मी आजवर पाहिला नाही. हे मी त्याची निंदा करायला लिहीत नाही. कोणतंही चाक फिरवायच्या आधी, कोणताही नट सोडायच्या आधी तो हात वर करायचा आणि म्हणायचा, "थांबा." मग दार कुठं आहे ते बघायचा, त्याला कडी तर लागली नाही ते बघायचा, आत माणसं किती ते मोजायचा. शेवटी खिशातून धानाचा कोंडा काढून एक चिमूट हवेत सोडायचा. कोंडा ज्या बाजूला उडेल त्याच्या उलट बाजूला पळायचं, असं त्याचं ठरलेलं. सगळा कारखाना त्याला थांबा मिस्त्री म्हणायचा. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कानावर यायचं.

मी तेव्हा एका खाणमालकाचा ड्रायव्हर होतो. शाळा चौथीतच सुटलेली, पण स्टेअरिंगवर बसलो की मला कोणी चौथीवाला म्हणू शकत नव्हतं. मालकाकडे पाहुणे आले की बर्फाची लादी आणायला मी कारखान्यात जायचो. तिथं अमोनियाचा वास असा असायचा की दारातच डोळ्यांना धार लागायची. मिस्त्रीच्या गळ्यात कायम ओला पंचा. आम्हाला वास लागायच्या कितीतरी आधी त्याचं नाक हलायचं आणि पंचा तोंडावर जायचा. एकदा मी हसून विचारलं, "मिस्त्री, एवढे भेता तं ह्या कामात काहून आले?"

तो म्हणाला, "गणपत, जो भेत नाही त्याले ह्या खोलीत येऊ द्याचं नसते. म्हणून मी बसलो हावो इथं."

मला ते बोलणं तेव्हा निव्वळ बहाणा वाटला.

साठच्या पुढची सालं ती. मालकाची गाडी अमेरिकन, लांबलचक, आणि तिच्यात थंड हवेचं मशीन. बालाघाटात तशी दुसरी गाडी नव्हती. मे महिन्यात मी काचा वर करून बाजारातून निघालो की लोक चालता चालता थांबायचे. मालकाचं शरीर भारी. उन्हानं त्यांचा जीव कासावीस व्हायचा. ते गाडीत बसले की पहिल्यांदा हात पुढं करून हवा थंड आहे ना ते बघायचे, मग बोलायचे. त्यांनी मला एकच गोष्ट बजावून ठेवली होती. गाडीचं बाकी काहीही खोल, पण त्या मशीनला हात लावायचा नाही.

मालक कलकत्त्याला गेले होते. मी गाडी धुवून बॉनेट उघडलं तर त्या मशीनच्या एका नटाभोवती तेलाचा काळा डाग दिसला. माझ्या हाताखालच्या गाडीवर डाग? मी पाना लावला. वाटलं, एक आटा सोडून पुसून घेऊ आणि पुन्हा कसून लावू. फुस्स आवाज झाला, बोटांना विंचू डसल्यासारखी थंडी लागली, बोटं पांढरी पडली. मी घाबरून नट पुन्हा आवळला. वास काही आला नाही. म्हणून मी समजलो, साचलेली हवा होती, गेली. संध्याकाळी गाडी काढून मशीन लावलं तर तोंडावर गरम वारा.

मालक चार दिवसांनी गोंदियाला मेलनं उतरणार होते. त्यांना घ्यायला मलाच जायचं होतं. बंगल्याच्या मागं माझी खोली होती. त्या खोलीत बायको, दोन लेकरं आणि आंधळी आई. नोकरी गेली की खोली गेली, आणि आसरा द्यायला गावाकडे मला कोणी नव्हतं. रात्रभर मी छताकडे बघत होतो. बायकोला सांगितलं नाही. ती विचारायची, "जेवत काहून नाही?" मी म्हणायचो, "ऊन लागलं."

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीच्या घरी गेलो. थंडी बनवणारा माणूस म्हणून मला तोच माहीत होता. मी सरळ म्हणालो, "कारखान्यातली थोडी गॅस ह्या गाडीत भरून द्या. कोणाले कळत नाही."

मिस्त्रीनं गाडीभोवती एक फेरी मारली. वाकून नळ्या बघितल्या, एका नळीवर नखानं ओरखडा काढला आणि झटकन मागं सरकला. "ही तांब्याची हाय. अमोनिया तांबं खाते, पितळ खाते. आठ दिवसांत नळी फुटन आणि सारी गॅस मागच्या शिटावर. तुले मालकाले आंधळं करा लागते का?"

"गॅस म्हणजे गॅसच ना?"

"पानी म्हणजे पानीच ना, मंग उकळतं अंगावर घे."

असा तो. चिडला की बरा बोलायचा. मग त्यानं विचारलं, नट कोणी उघडला. मी खरं सांगितलं. तो माझ्या पांढऱ्या बोटांकडे बघत राहिला. त्याच्या ओळखीचा एक माणूस नागपूरला फ्रीज दुरुस्त करायचा. त्याच्याकडून गाडीच्या गॅसचं सिलिंडर आणि नळ्या बसनं मागवतो म्हणाला. पण एक अट घातली. "मालकाले तू सांगशीन, का नट तूच उघडला. माहीत नसलं तं उद्या दुसरा कोणी तोच नट उघडन." मी हौ म्हटलं. त्या वेळी मी कशालाही हौ म्हटलं असतं.

दोन दिवस मी बसस्टँडवर उभा. नागपूरची प्रत्येक बस आली की टपावर नजर. पोती, सायकली, कोंबड्यांची खुराडी उतरायची आणि सिलिंडर काही उतरायचं नाही. मिस्त्री मधल्या सुट्टीत येऊन माझ्याशेजारी उभा राहायचा. मला वाटायचं धीर द्यायला येतो. पण तो म्हणायचा, "आलं तं काय करू, ह्याचीच चिंता लागली हाय मले. ह्या गॅसले वासच नाही म्हणते. ज्याले वास नाही त्याच्यावर भरवसा कसा ठेवू?" सगळं आयुष्य नाकाच्या भरवशावर काढलेला माणूस तो. आता त्याचं नाक कामाचं नव्हतं, आणि माझ्यासाठी तो ते काम करणार होता.

सिलिंडर तिसऱ्या दिवशी दुपारी आलं. मालक दुसऱ्या सकाळी उतरणार.

मी म्हटलं, बंगल्याच्या गॅरेजात भरू, सावली आहे. मिस्त्री म्हणाला, बंद जागेत नाही. म्हणून गाडी त्याच्या अंगणात, निंबाखाली. नागपूरच्या माणसानं चिठ्ठीत लिहिलं होतं की हा गॅस विस्तवावर गेला तर विषारी होतो. झालं, मिस्त्री घरोघर निघाला. आधी स्वतःच्या घरची चूल विझवली. मग डाव्या हाताच्या घरची, मग उजव्या हाताची, मग मागची. एक म्हातारी भांडायला उठली, "मायी भाकर तव्यावर हाय, मिस्त्री!" तर ह्यानं तिचा तवा उचलून बाहेर ठेवला आणि चुलीत तांब्यानं पाणी ओतलं. "मावशी, आज चिवडा खा. उद्या मले शिव्या दे." मोहल्ल्यातल्या साऱ्यांच्या बिड्याही त्यानं विझवल्या. लोक हसत होते. मला लाज वाटत होती आणि सूर्य खाली चालला होता.

एका मोडक्या फ्रीजच्या मशीनचा त्यानं पंप केला होता. त्यानं आधी गाडीच्या नळ्यांतली हवा ओढून काढली. भातगिरणीतून मागून आणलेला काटा निंबाच्या फांदीला टांगला आणि त्याला सिलिंडर अडकवलं, किती गॅस गेला ते वजनावरून कळावं म्हणून. थोडा गॅस सोडून मग रिठ्याचा फेस केला आणि कुंचल्यानं एकेका सांध्याला लावला. माझ्या नटावर बुडबुडा आला, फुगला, फुटला. मिस्त्रीनं पाना उचलला. नट सोडून पुन्हा बसवला, पुन्हा फेस, पुन्हा वाट बघणं. मी म्हणायचो, झालं ना? तो म्हणायचा, थांब. त्या दुपारी मी तो शब्द इतक्या वेळा ऐकला की दात आवळून उभा होतो.

मग इंजिन चालू केलं आणि गॅस जाऊ लागला. थोड्या वेळात सिलिंडरवर दहिवर जमलं, आणि काटा हलेना. गॅस थंड पडला की पुढं सरकत नाही. मिस्त्री म्हणाला, "पानी कोमट करा लागते." पण चुली त्यानंच विझवलेल्या. तो लांबच्या घरी पाणी तापवायला सांगायला गेला. मी आकाशाकडे बघितलं. माझ्यात सगळ्यात वाईट गुण हा, की मला थांबता येत नाही. नाक्यावरच्या चहावाल्याकडून मी घमेलंभर पेटते इंगळ आणले आणि सिलिंडरखाली ठेवले.

मिस्त्री परत आला तेव्हा त्याच्या हातात बादली होती. त्यानं घमेलं बघितलं. कोंडा त्यानं काम सुरू करायच्या आधीच उडवून बघितला होता, पळायची बाजू त्याला पाठ होती, आणि त्या बाजूचं फाटक उघडं होतं. तो सिलिंडरकडे आला. अनवाणी पायानं त्यानं घमेलं लाथाडलं, इंगळ अंगणभर पसरले. माझ्या छातीवर हात ठेवून मला मागं ढकललं आणि सिलिंडर पोटाशी धरून उभा राहिला, थंडगार होईपर्यंत. त्याच्या पायाला तळहाताएवढे फोड आले.

काही फुटलं नाही. काही झालं नाही. मला वाटलं, बघा, उगाच एवढा घाबरला. हे मी सांगतो, कारण मला तसं खरंच वाटलं होतं आणि पुढं बरीच वर्षं वाटत राहिलं. काहीच न होणं हेच त्या माणसाचं काम होतं, हे कळायला माझं डोकं पिकावं लागलं.

कोमट पाण्यात सिलिंडर ठेवून उरलेला गॅस भरला. गाडीतल्या नळीवर एक काचेचा डोळा असतो. त्यात बुडबुडे धावत होते. ते हळूहळू कमी झाले आणि काच स्वच्छ झाली. मिस्त्रीनं आत बसून जाळीपुढं हात धरला. मग बायकोला हाक मारली, "अवं, येऊन पाह्य." ती पदर सावरून मागच्या शिटावर बसली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "माय वं, पूस महिन्याची थंडीच आली." ती म्हातारी शेजारीणही भांडण विसरून बसून गेली.

सकाळी गोंदियाला मालक उतरले, गाडीत बसले, हात पुढं केला. बालाघाटपर्यंत ते झोपून आले. मी आरशातून त्यांच्याकडे बघत होतो आणि सांगायचं वाक्य मनात जुळवत होतो. जुळलं नाही. खोटं कशाला, मी जुळू दिलं नाही.

मिस्त्रीची काळजी मात्र संपली नव्हती. दर आठवड्याला मालक खाणीवर गेले की तो लंगडत बंगल्यावर यायचा, डब्यात रिठ्याचा फेस घेऊन. सांधे तपासायचा आणि विचारायचा, "सांगतलं का रे?" मी म्हणायचो, "सांगतो ना." एका दिवशी मालक लवकर परतले. बॉनेटमध्ये डोकं घातलेला परका माणूस बघून ओरडले, "कौन है ये?"

मिस्त्री दचकून सरळ झाला. डब्यातला फेस त्याच्या धोतरावर सांडला. "साहब, बर्फ कारखाने का मिस्त्री. गॅस कम हो गई थी, तो भरी थी. वही देख रहा था."

"कम कैसे हुई? मेरे पीछे मशीन किसने खोली?"

मालक माझ्याकडे बघत होते. खोलीच्या दारात माझी आई बसली होती, तिच्या मांडीवर धाकटी. मिस्त्रीनं एकदा त्या दोघींकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी तोंड उघडलं होतं, हे देवाशपथ सांगतो. पण आवाज त्याचा आला.

"मैंने, साहब."

कारखान्याचे मालक आमच्या मालकांच्या रोजच्या बैठकीतले. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रीला मशीनच्या खोलीत जायची बंदी झाली. त्याला बर्फाच्या लाद्यांवर भुसा टाकायला बसवलं. मी भेटायला गेलो, हात जोडले, म्हटलं आजच जाऊन खरं सांगतो. त्यानं भुसा टाकणं थांबवलं नाही. म्हणाला, "तुही माय आंधळी हाय, लेकरं लहान हायेत. आन् मी तं रोजच भेतो रे गणपत, मले सवय हाय. तुले नाही, तुले झेपणार नाही." मला राग आला. मला भित्रा म्हणाला म्हणून राग आला! त्या रागाचा आधार घेऊन मी घरी परतलो आणि गप्प राहिलो. एक वर्ष, दोन वर्षं. पुढं मिस्त्री बायकोला घेऊन तिरोडीला लेकीकडे राहायला गेला. जाताना निरोप घ्यायला बंगल्याच्या फाटकापर्यंत आला, आत आला नाही. रिठ्यांची पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि गाडीच्या सांध्यांना लावत जा म्हणाला.

तो वारल्याचं मला महिन्यानं कळलं. मी तिरोडीला गेलो. लेकीनं चहा केला. बोलता बोलता ती म्हणाली, "बाबाचं काम लई पक्कं होतं म्हणे. फक्त एका मोठ्या सायबाच्या गाडीचा नट त्यायनं चुकून उघडला. लई वाईट वाटे आमाले. एवढा जपणारा माणूस, अन् असं कसं केलं असन?" मी चहा संपवला. पोरं किती, शाळेत जातात का, असं काहीबाही विचारलं आणि बस पकडली.

आता मालक नाहीत, बंगला विकला गेला, मला खोलीतून काढणारं कोणी उरलं नाही. म्हणजे हे लिहिण्यात माझी काही बहादुरी नाही. जन्मभर मी कोणापुढं वाकलो नाही असं लोकांना सांगत आलो, आणि ते सांगणं ह्या एका माणसाच्या जिवावर. तिरोडीच्या त्या बाईपर्यंत हा कागद पोहोचावा. बाई, तुझ्या बापानं तो नट उघडला नाही. त्यानं तो बसवला. उघडणारा मी.