दोन राजे आणि साहेबांची सत्ती-दुर्री

दिल्लीत दिवाळीची चाहूल फराळाच्या वासाने लागत नाही, पत्ते पिसण्याच्या आवाजाने लागते. आठवडाभर आधीपासून घरोघरी बैठका बसतात. आम्ही केंद्र सरकारातली मराठी मंडळी पूर्वी तीन पत्ती खेळायचो, आता पोकरवर आलो आहोत. पैसे लावत नाही. नोकरीचे नियम आणि बायका, दोन्ही आडवे येतात. त्यामुळे गेल्या वर्षी दिवाळीआधीच्या रविवारी दुपारी, दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या माझ्या सहकाऱ्याच्या घरी बक्षीस होतं एक डिनर सेट.

माझं बक्षीस मात्र वेगळं होतं. आमच्या पुण्याच्या ऑफिसातली प्रमुखाची जागा रिकामी झाली होती. पुण्यात माझी बायको कॉलेजात शिकवते, मुलगी तिच्याजवळ असते आणि मी द्वारकेच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये कुकरशी बोलतो. त्या जागेवर कोणाला पाठवायचं हे ज्यांनी ठरवायचं, ते आमचे साहेब माझ्या बरोबर समोर, लोडाला टेकून, चकल्या खात बसले होते.

खेळ असा. सगळ्यांना सारख्या प्लास्टिकच्या चकत्या मिळतात. संपल्या की उठायचं. शेवटी उरेल तो जिंकला. प्रत्येक डावाला आळीपाळीने काही चकत्या सक्तीने टाकाव्या लागतात आणि खेळ पुढे सरकतो तसा हा हप्ता वाढत जातो. म्हणजे मोठा ढीग जमवून त्यावर कोंबडीसारखं बसून राहिलात, तर तो बुडाखालीच वितळतो. कधीतरी तो पणाला लावावाच लागतो. कधी, हीच तर सगळी विद्या.

आणि विद्या होती हो माझ्याकडे! एकट्या माणसाच्या संध्याकाळी रिकाम्या असतात. मी पोकरवरचे व्हिडिओ पाहून पाहून पंडित झालो होतो. त्या दुपारी एकेकाला असा काही उठवला, की चहा घेऊन आलेल्या यजमानीण वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ऑफिसात इतकं काम केलं असतंत तर?"

एवढंच, की मी कोणालाही उठवलं तरी साहेबांना हात लावला नाही. कोणीच लावला नाही. आमच्यात साहेबांनी बोली वाढवली की पत्ते पालथे पडत. फाइलवर साहेबांचा शेरा आला की खालची मंडळी कशी 'आदेशानुसार' लिहून मोकळी होतात, तसंच. त्यामुळे साहेबांचा ढीग खेळून नव्हे, पदोन्नतीने वाढत होता.

शेवटी तिघे उरलो. साहेब, मी आणि मूठभर चकत्यांचे यजमान. साहेबांचा ढीग माझ्यापेक्षा थोडा मोठा. प्रत्येकी दोन पत्ते वाटले गेले. मी कोपरा उचलून पाहिलं. दोन राजे.

यजमानांनी पत्ते टाकले. साहेबांनी पत्त्यांकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी आपला अख्खा ढीग पुढे ढकलला. "चलो! सगळं लावलं. बोला, येता का?"

व्हिडिओतले पंडित सांगतात, की तिसरा मरायला टेकलेला असताना दोन मोठ्या ढिगांनी एकमेकांशी टक्कर घेऊ नये. बरोबर आहे. पण हातात दोन राजे असताना घरी पळा, असं कोणताही पंडित सांगत नाही. हे मला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं. मी साहेबांकडे पाहिलं. ते हसत होते. हरले तर हसतील का? पुढच्या आठवड्यात फाइल समोर आल्यावर हसतील का? मला मुलीची खोली दिसली, तिच्या दारावर चिकटवलेलं 'नॉक करा' दिसलं.

"गेलो, सर," मी म्हणालो आणि राजे पालथे टाकले.

साहेबांनी आपले पत्ते उलटे केले. सत्ती आणि दुर्री, तीही वेगवेगळ्या रंगांची. पोकरमध्ये याहून दरिद्री हात मिळत नाही.

"अरे यार!" साहेब मांडीवर थाप मारत ओरडले. "एवढा माल समोर आणि माणूस घाबरतो! असल्या माणसाला स्वतंत्र ऑफिस कसं सांभाळायला द्यायचं?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो, आणि उत्तम हसलो. त्यानंतर माझा ढीग हप्त्याहप्त्याने विरघळला. डिनर सेट साहेबांच्या गाडीत मीच नेऊन ठेवला.

सोमवारी ऑफिसात पोचतो तर पुण्याची ऑर्डर आलेली. नाव दुसऱ्याचं. त्या गृहस्थाला पत्त्यांचे रंग ओळखू येत नाहीत, बैठकीला तो कधी आलेलाही नव्हता.

क्षणभर वाटलं, खरंच त्या डावाने घात केला. मग डोकं ताळ्यावर आलं. आमच्याकडे खुर्चीचा पाय दुरुस्त करायची फाइलसुद्धा रविवारची सोमवारी निघत नाही. सही केव्हाच झाली होती. साहेब चकल्या खात होते तेव्हाही झालेली होती. ज्या गोष्टीसाठी मी राजे टाकले, ती टेबलावर नव्हतीच. आणि समोरच्या माणसाला ते ठाऊक होतं.

संध्याकाळी बायकोला फोनवर सगळं सांगितलं. अभिनयासकट, साहेबांच्या आवाजासकट. ती मध्ये एकदाही हसली नाही.

"तुझ्याकडे काय होतं म्हणालास?"

"दोन राजे."

"आणि त्यांच्याकडे सत्ती-दुर्री."

"हो."

पलीकडे भांडी लावल्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "निदान डिनर सेट तरी आणायचास."

परवा साहेब लिफ्टमध्ये भेटले. "या दिवाळीला पुन्हा बसू या. मजा येते तुमच्याबरोबर."

"बिल्कुल, सर," मी म्हणालो आणि त्यांच्या मजल्याचं बटण दाबलं.