झील धरणारा

आप्पासाहेबांचा पाय कुठं म्हणून ठरत नसे. पंधरा वर्षांत चार शाळा आणि सहा खोल्या बदलल्या. संगीतावर व्याख्यान द्यायला मात्र बोलावणं येण्याआधीच पिशवी भरून तयार. बोलायचे फार गोड. मध्येच एखादी ओळ गुणगुणून दाखवायचे, पण अख्खं गाणं कधी गायले नाहीत. कुणी आग्रह केला की घसा बसल्याचं सांगायचे. कसला घसा आणि कसलं काय! पोटात भीती होती.

भीती एवढीच, की मोकळ्या गळ्यानं गायला लागलो तर रानातला धनगरी सूर बाहेर पडेल आणि आपण कोण ते लोकांना कळेल. देवगाव रंगारीच्या शिवारात मेंढरांमागं वाढलेला हा आप्पा. पोलीस ॲक्शननंतर शहरात आला, शिकला, गाण्याचा मास्तर झाला आणि लोकांनी त्याला आप्पासाहेब केलं. घरी काय करतात असं कुणी विचारलं की "शेती" म्हणून मोकळा व्हायचा. कोट घातलेल्या माणसाला लोक फार खोदून विचारत नाहीत.

पुढं क्रांती चौकाजवळच्या एका सभागृहात लोकगीतांवर त्यांचं व्याख्यान ठरलं. अध्यक्ष काकासाहेबांनी अट घातली, नुसतं बोलणं नको, खरी धनगरी ओवी ऐकवा. आप्पासाहेबांची झोप उडाली. ओवी गाणारं एकच माणूस त्यांना ठाऊक होतं, थोरली बहीण बानाबाई. तिला आणलं, पण बहीण म्हणून नव्हे. पत्रिकेत नुसतं 'लोकगायिका बानाबाई' छापलं. बसमध्ये ती हौसेनं घरच्या गोष्टी सांगत होती आणि हे सारखे घड्याळ बघत होते.

बानाबाईनं पहिली ओळ अशी सोडली की सभागृह गप्प झालं. मग तीही गप्प झाली. धनगरी ओवी एकट्यानं पुढं जात नाही. पुढच्यानं ओळ सोडायची, मागच्यानं ती उचलून लांबवायची, त्याला झील धरणं म्हणतात. संगीतावर तासन् तास बोलणाऱ्या माणसाला नेमकं हेच आठवलं नव्हतं. लोक चुळबुळू लागले. बाई विसरल्या वाटतं, असं काकासाहेब पुटपुटले.

आप्पासाहेबांनी घाईघाईनं माईक ओढला. "वयामुळं विसरल्या असतील. सांभाळून घ्या."

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बानाबाई रागावली नाही. तिला खरंच काही उमगलं नव्हतं.

"इसरले नाय रं आप्पा," ती म्हणाली. "तू झील धरंना, मंग म्होरं कशी जाऊ? बा गेल्यापासून मागं तूच उभा राहायचा की."

माईक चालूच होता. शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

दार गाठावं आणि मिळेल ती बस धरून निघून जावं, असं आप्पासाहेबांना वाटलं. उठलेसुद्धा. पण बहीण तशीच थांबून होती आणि तिला तिथं एकटी सोडायचं काही त्यांच्यानं होईना. ते तिच्या मागं जाऊन उभे राहिले. ओळ धरली. आवाज फाटला, सूर पार घसरला. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं.

बानाबाईनं वळून पाहिलं नाही. पुढची ओळ मात्र तिनं खालच्या पट्टीत घेतली, त्याला पोचता येईल इतकी खाली.