बुधवारचा डॉक्टर

"मैडम, गलत इंजेक्शन लिखूँ ना?" टीआयने, म्हणजे आमच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने, पेन कागदावर टेकवलंच होतं.

"नाही. ते लिहू नका," मी म्हणाले.

शेजारी बसलेला प्रल्हाद ताडकन उभा राहिला. आदल्या दिवशी त्याची बायको सुनंदा मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर दगावली होती. तो राजेगावकडचा. मी त्याची वकील. आणि मीच त्याचं वाक्य कापत होते.

"काहून नाही लिवाचं, बाई? सुई टोचली आन् ते गेली. साऱ्या वार्डानं पाह्यलं."

"भाऊ, जरा बाहेर चला."

आमच्याकडे दवाखान्यात माणूस दगावला की तक्रारीचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. डॉक्टरने चुकीचं इंजेक्शन देऊन मारलं. नातेवाइकांना शेवटी दिसलेली गोष्ट बहुतेक वेळा सुईच असते. पोलीस तेच उतरवून घेतात. मग तज्ज्ञ सांगतात, इंजेक्शन बरोबर होतं. फाइल बंद.

कायदा साध्या शब्दांत सांगते. डॉक्टरच्या हातून चूक झाली आणि रोगी दगावला, एवढ्याने तो गुन्हेगार ठरत नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोग आहे. तुरुंगाची केस उभी करायची तर बेपर्वाई ढळढळीत हवी. कोणताही शहाणा डॉक्टर जे करणार नाही ते याने केलं, असं दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांनी म्हणायला हवं. मला हा नियम मान्य आहे. प्रत्येक मृत्यूला डॉक्टर आत जाऊ लागला तर बिरसा तालुक्याच्या जंगलातल्या अत्यवस्थ बाईला हात कोण लावेल? पण नियमाने संरक्षण डॉक्टरकीला दिलंय, बेपर्वाईला नाही.

ठाण्यासमोरच्या टपरीवर मी प्रल्हादला म्हणाले, "सुई सोडा. सकाळपासून सांगा."

"सकाळी ऑपरेशन झालं. डॉक्टरसायब म्हने, बढिया झालं. मंग ते गेले."

"कुठे?"

"लालबर्र्याले."

"कशाला?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परगावची आहे. "बुधवार होता ना, बाई! बुधवारी ते लालबर्र्याले ऑपरेशनं करतेत. साऱ्यायले मालूम आहे."

"मग इथे मागे डॉक्टर कोण होता?"

"कोनीच नाही. सिस्टर होती. सुनंदा म्हने, डोळ्यापुढं अंधारी येऊन राह्यली. पांढरीफटक पडली. सिस्टरनं फोन लावला, तं डॉक्टर म्हने, सलाईन जोरात सोड. पुन्हा लावला, तं म्हने, आलोच. मंग फोनवर सांगतलेली सुई देल्ली, आन्..."



"हे आत टीआयला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"त्यात काय सांगाचं? ते तं रोजचंच आहे."

मी चहा तसाच ठेवला आणि त्याला घेऊन परत आत गेले.

टीआय वैतागला. "डॉक्टर दूसरी जगह गया, इसमें क्राइम क्या है?"

"पोट शिवलं आणि पेशंट बिनडॉक्टरचा सोडून गेला. बोलावूनही आला नाही. एवढंच लिहा. सुईचा शब्दसुद्धा नको."

मग पोस्टमॉर्टेम. शवागाराच्या दारात प्रल्हादची आई आडवी आली. "मेलीले आता काहून फाडता? तिले सुखानं जाऊ द्या."

"माय," प्रल्हाद म्हणाला, "पोरगी मोठी झाल्यावर इचारन, माही माय कायनं मेली. मी काय सांगू? नशिबानं?"

ती बाजूला झाली. सुनंदाच्या पोटात रक्त साचलेलं निघालं. टाक्यांच्या आत रक्तस्राव चालू होता आणि तो ओळखणारं कोणी जवळ नव्हतं.

माझ्या सीनियरना सगळी कचेरी काकाजी म्हणते. कॉलेजात असताना मी चौकात पत्रकं वाटायचे, ते ते अजून विसरलेले नाहीत. "आ गई पर्चेवाली! बेटा, गलत इंजेक्शन तो तूने खुद हटा दिया. अब बचा क्या तेरे पास?"

"बुधवार," मी म्हणाले.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी डॉक्टरांच्या समितीचा अहवाल आला. इंजेक्शन योग्य. डोस योग्य. असा रक्तस्राव चांगल्या सर्जनच्या हातूनही होऊ शकतो. प्रल्हादचा चेहरा उतरला.

"पुढचं ऐका," मी म्हणाले. ऑपरेशननंतर रोग्याजवळ एकही डॉक्टर न ठेवणं आणि लक्षणं कळवूनही न येणं ही घोर बेपर्वाई आहे, असं समितीने सरळ लिहिलं होतं.

कोर्टात सरकारी वकिलांच्या जोडीला मी होते; डॉक्टरसाठी जबलपूरचे मोठे वकील आले. आरोपात दम नाही, सोडून द्या, असा त्यांचा अर्ज होता. "सर, कॉम्प्लिकेशन को क्राइम बनाया जा रहा है."

"रक्तस्रावाचा आरोपच नाही," मी सांगितलं. "निघून जाण्याचा आहे."

मॅजिस्ट्रेटनी त्यांना विचारलं, मागे कोणाला नेमलं होतं?

"सर, डॉक्टर साहब तो हर बुधवार जाते हैं. आज तक कभी कुछ नहीं हुआ."

मॅजिस्ट्रेटनी मान वर केली. "हर बुधवार?"

दर बुधवारी मागे कोणीच नसतं, हे मोठ्या वकिलांनी स्वतःच कबूल केलं होतं. अर्ज फेटाळला गेला. डॉक्टरला उभं करून आरोप वाचून दाखवला. केस आता चालू आहे.

बाहेर व्हरांड्यात प्रल्हादने विचारलं, "किती होईन, बाई?"

"सिद्ध झालं तर जास्तीत जास्त दोन वर्षं."

"बस? पन पेशीच्या तारखेले यावं तं लागन ना त्याले? कधी आहे आता?"

मी डायरी पाहिली. "बुधवारी."

"हौ," तो म्हणाला. "मंग त्या दिवशी लालबर्रा बंद."

तेव्हापासून पक्षकार आला की काय विपरीत घडलं, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, तिथे रोज काय चालतं.